गाडीची खोड : दौंड-शिरूरच्या गाडीमालकांच्या हकिकतींना प्रस्तावना

पुढच्या पानांतल्या हकिकती दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या गाडीमालकांनी सांगितल्या आहेत. कुणी राहू-पारगाव पट्ट्यातला गुऱ्हाळवाला आहे, कुणी पहाटे दूध गोळा करायला निघणारा, कुणी ऊसतोडीच्या टोळ्या आणणारा मुकादम, कुणी कुरकुंभच्या किंवा रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीचे कामगार पोचवणारा. गाड्या म्हणाल तर जीप, ट्रॅक्स, सुमो, क्वालिस, टवेरा, बोलेरो, स्कॉर्पिओ, क्रुझर आणि पिकअप. माणूस, माल, चारा, वऱ्हाड आणि अडल्या वेळी पेशंट, यातलं काहीही ज्या गाडीला न्यावं लागतं तीच इथे धरली आहे.

प्रत्येकाला तीन गोष्टी आवर्जून विचारल्या. गाडीत रोज भार किती असतो, ती कोणत्या रस्त्याने जाते, आणि बंद पडली तर दुरुस्त कोण करतं. या तिन्हींचं उत्तर नसलेली हकिकत, सांगणारा कितीही रंगून बोलला तरी, आम्ही बाजूला ठेवली. 'एक नंबर गाडी' किंवा 'नुसता डोक्याला ताप' एवढ्यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पाच माणसं घेऊन सोलापूर रस्त्याने पुण्याला जाणाऱ्याची बोलेरो आणि तीच बोलेरो मागची सीट काढून, टपावर कॅरिअर लावून, कॅनॉलच्या कडेने खताच्या गोण्या नेणाऱ्याची, या दोन वेगळ्या गाड्या आहेत. कागदावर त्यांचं मॉडेल एक असेल.

गाड्यांची शास्त्रशुद्ध तपासणी करणाऱ्या देशातल्या दोन महत्त्वाच्या संस्था या भागापासून लांब नाहीत. १९६६ साली सुरू झालेली एआरएआय पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर आहे. लष्करी वाहनांसाठीची व्हीआरडीई अहिल्यानगरला, म्हणजे दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. गाडीच्या जाहिरातीत लिटरला किती किलोमीटर म्हणून जो आकडा छापतात, तो प्रयोगशाळेत रोलरवर चाकं फिरवून, ठरलेल्या वेगाच्या चढउतारात, ठरलेल्या तापमानात आणि ठरलेल्या वजनावर काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायची तर अशी समान परीक्षा हवीच, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण गुळाच्या ढेपा भरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात निघालेल्या पिकअपला तो आकडा लागू पडत नाही. पावसाळ्यात काळ्या रानातून बाहेर पडणाऱ्या गाडीला तर नाहीच. प्रयोगशाळेने न तपासलेला भाग तपासायचं काम मालक पदरचे पैसे घालून वर्षानुवर्षं करत असतो, आणि त्याचा निकाल कुठे नोंदला जात नाही. तो नोंदावा म्हणून हा खटाटोप.

हकिकती एकत्र ठेवल्यावर एक गोष्ट वारंवार समोर आली. या भागातला माणूस गाडी घेताना गुणांच्या यादीने फार हुरळत नाही. बैलबाजारात दात बघून, पाठीवर हात फिरवून झाल्यावर घेणारा शेवटी विचारतो ती खोड. मारका आहे का, बसका आहे का, चढाला अंग टाकतो का. खोड असली म्हणून सौदा मोडतोच असं नाही, ती आपल्याला सांभाळता येईल ना एवढंच त्याला बघायचं असतं. गाडीचंही तसंच. मागच्या बाकावरच्या माणसाची हाडं खिळखिळी करणारी गाडी त्याला चालते, कारण ती तशी आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. जिला काय झालं हे गावातल्या कुणालाच सांगता येत नाही, ती गाडी त्याला झेपत नाही, मग ती कितीही मऊ चालो. दोषांबद्दल इतक्या मोकळेपणाने आणि तरी इतक्या मायेने बोलणारे मालक या पुस्तकात का भेटतात, याचा उलगडा मला यातच दिसतो.

या भागाला चारचाकीची ओळख जीपने करून दिली. महिंद्रांनी १९४९ साली मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सरकारी खात्यांनी आणि लष्कराने लिलावात काढलेल्या जीप बागायतदारांच्या दारात आल्या. पेट्रोलचा खर्च सोसेना म्हणून अनेकांनी त्यांच्यात मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली आणि समोरासमोरच्या बाकांवर माणसं बसवून वडाप वाहतूक जोरात सुरू झाली. एसटीची फेरी जिथे दिवसातून दोनदा, तिथे ट्रॅक्स भरली की निघायची. १९९४ साली टाटांची सुमो आली, तिच्या नावात टाटांच्या मोटार कंपनीचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नाव आणि आडनाव दोन्हींचा अंश आहे. २००० साली क्वालिस आणि नाशिकची बोलेरो, २००२ साली स्कॉर्पिओ. शिरूर तालुक्यापुरतं बोलायचं तर २०१७ पासून रांजणगावच्या कारखान्यातच जीप कंपास तयार होऊ लागली. ज्या नावाच्या जुन्या गाड्या लिलावातून इथे आल्या, त्याच नावाची नवी गाडी इथल्या शेतांशेजारी बनू लागली. तिचे मालक या संग्रहात जवळपास नाहीत. ती बनते इथे, विकली जाते बहुतेक शहरात.

बोलेरोपाशी मात्र थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त हकिकती तिच्या आहेत. तिच्या आयुष्यातल्या बहुतेक वर्षांत तिच्यात २५२३ सीसीचं इंजिन होतं. चार सिलिंडर, साडेतीन इंचांचा बोअर, चार इंचांचा स्ट्रोक. हे माप इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचं. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ साली ट्रॅक्टर बनवायची कंपनी काढली, आणि त्या घराण्यातलं इंजिन पुढे जीपमध्ये, मार्शलमध्ये आणि बोलेरोत उतरलं. त्यामुळे वरवंड, पाटस, केडगावच्या ज्या मेस्त्रीचा हात ट्रॅक्टरवर बसलेला होता, त्याला बोलेरोचं बोनेट उघडल्यावर काही परकं दिसलं नाही. लायनर-पिस्टन, रिंगा, टॅपेटचं सेटिंग, हेड गॅस्केट, नोझल, सगळं ओळखीचं. इंजिन खोलायचं तर गाडी दौंडच्या बाहेर न्यावी लागत नसे. ज्या गाडीचा डॉक्टर गावातच होता तिला गाव विसरलं नाही.

त्याच काळात महिंद्राच्या काही गाड्यांना प्यूजो बनावटीचं डिझेल इंजिन होतं. प्यूजोवाले आजही शांत इंजिनाची आठवण काढतात. वर सांगितलेल्या २५२३ सीसीच्या डीआय इंजिनाचे मालक आवाजाची तक्रार करतात आणि पुढच्याच वाक्यात ॲव्हरेज सांगतात. दोघांचंही खरं आहे. प्यूजोत डिझेल आधी एका लहान कप्प्यात पेटतं आणि मग सिलिंडरमध्ये येतं. त्यामुळे ठोका मऊ पडतो, पण उष्णता वाटेत वाया जाते. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं. ठोका कडक, डिझेल कमी. ज्याला रोज सकाळी टाकी भरायची होती त्याने कोणता त्रास पत्करला हे वेगळं सांगायला नको.

आता रस्ता. नकाशावर दौंड तालुका सपाट दिसतो. सोलापूर महामार्ग मधून जातो, भीमा एका अंगाने वाहते, मुळा-मुठा येऊन तिला मिळते, खडकवासल्याचा कालवा इंदापूरकडे निघून जातो. पण गाडीचे हाल होतात ते डांबर सोडल्यानंतर. कॅनॉलच्या भरावावरचा रस्ता, बांधाच्या कडेची वाट, आणि उजनीच्या फुगवट्याकडे जाल तसं खोल होत जाणारं काळं रान. ही माती पावसात टायरला थरावर थर धरते. नक्षी बुजते आणि टायर गुळगुळीत होऊन फिरत राहतं. अशा वेळी मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी भरलेली असली तर निघते, रिकामी असली तर जागच्या जागी फिरते. म्हणून पिकअपवाले पावसाळ्यात रिकाम्या फेरीलाही मागे मातीची दोन पोती टाकून ठेवतात. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या नव्या गाड्यांत हे उलटं होतं. मागे भार टाकला की पुढची पकड आणखी सुटते. विक्रीच्या दालनात हे कुणी सांगत नाही. एका मुकादमाने मात्र ते अगदी मोजक्या शब्दांत सांगितलं आहे, आणि त्याची हकिकत म्हणूनच सुरुवातीला घेतली आहे.

पाटे तुटण्याच्या हकिकती तर इतक्या आल्या की निवड करावी लागली. त्यातली एक इथे थोडक्यात देतो. उसाच्या हंगामात गुऱ्हाळावर निघालेली पिकअप, वर लाकूड आणि काहिलीचं सामान, रस्ता कॅनॉलचा. मोरीवर मागचं उजवं चाक आदळलं आणि गाडी एका अंगाला बसली. पाट्याचं मुख्य पान मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी, तुटलं होतं. मालकाने जॅक लावून चॅसिस उचललं, बांधावरच्या बाभळीचा ओंडका तोडून तो ॲक्सल आणि चॅसिसच्या मध्ये ठोकून बसवला, ट्रॅक्टरच्या साखळीने ॲक्सल चॅसिसला आवळला, आणि दुसऱ्या गिअरच्या वर न जाता गाडी पाटसला आणली. संध्याकाळपर्यंत नवं पान घालून, यू-बोल्ट आवळून गाडी परत गुऱ्हाळावर होती. भोकापाशी पान का तुटतं याचं कारणही तो सांगतो. यू-बोल्ट सैल झाले की पानं एकमेकांवर घासत हलायला लागतात आणि सगळा ताण भोकावर येतो. म्हणून त्याच्या टूलबॉक्समध्ये यू-बोल्टचा पाना कायम वर असतो. कॉइल स्प्रिंग आणि लिंकवर बसलेल्या गाडीत यातलं काहीच करता आलं नसतं, हेही तो मान्य करतो. आणि त्याच गाडीत पाठ दुखली नसती, हेही.

गाडीचं चॅसिस वेगळं आणि बॉडी वेगळी असण्याला इथले लोक एवढं महत्त्व का देतात, ते अशा प्रसंगांतून कळतं. चॅसिसला तडा गेला तर प्लेट मारून, वेल्डिंग करून वर्षं काढता येतात. ज्या गाड्यांची बॉडी हाच सांगाडा असतो त्या हलक्या, आटोपशीर आणि महामार्गावर कितीतरी स्थिर असतात. पण त्यांचा सांगाडा वाकला की काम गावच्या वेल्डरच्या हाताबाहेर जातं. अलीकडे तरुण मालक अशा गाड्या घेतात, कारण त्यांचं जाणंयेणं पुण्याकडे वाढलं आहे. त्यांची निवड चुकीची म्हणता येणार नाही, रस्ताच बदलला आहे.

या भागातल्या गाड्यांची सर्वांत अवघड परीक्षा आषाढी वारीत होते. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते, मग वरवंड, मग उंडवडी गवळ्याची. यवतला वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण, वरवंडचा मुक्काम, आणि पाटस सोडल्यावर रोटीचा घाट. घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात हे सगळ्यांना माहीत आहे. रथाच्या मागेपुढे दिंड्यांची वाहनं असतात, पाण्याचे टँकर, स्वयंपाकाचं सामान, राहुट्या, आजारी पडलेली माणसं. ही वाहनं दिवसभर माणसाच्या चालीने चालतात. पहिला गिअर, अर्धा क्लच, थांबा, परत पहिला गिअर. गाडीला वेगाने पळण्यापेक्षा याचा त्रास कितीतरी जास्त होतो. पुढून वारा लागत नाही म्हणून रेडिएटर सगळा पंख्याच्या भरवशावर असतो. जुन्या गाडीत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे इंजिन मंद तर पंखा मंद. म्हणून अनुभवी ड्रायव्हर थांबलेला असताना ॲक्सिलेटर थोडा दाबून ठेवतो. विजेच्या पंख्याच्या गाड्यांना हे करावं लागत नाही, पण तिथे सेन्सर किंवा रिले गेला की काटा वर चढेपर्यंत पत्ता लागत नाही. अर्ध्या क्लचवर चालवून क्लच प्लेट जळाल्याचा वास घाटात नेहमीचाच. दिंडीसोबत वर्षानुवर्षं गाडी नेणाऱ्यांनी सांगितलेलं या पुस्तकात मुद्दाम सलग छापलं आहे, कारण इतक्या वेगवेगळ्या गाड्या, इतका भार आणि एकच वेग अशी तुलना दुसरीकडे बघायला मिळत नाही. पाटस-बारामतीचा पालखी मार्ग रुंद झाल्यापासून गाड्यांना बाजूला थांबायला जागा मिळते, हा फरकही सगळ्यांनी नोंदवला आहे.

एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-सहा निकष लागू झाले आणि हकिकतींचा सूरच बदलला. इथे थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण नव्या गाड्यांबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकाच जागी आहे. डिझेल जळताना होणारी काजळी हवेत जाऊ नये म्हणून धुराच्या नळीत एक गाळणी बसवलेली असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी गाळणीत साठते आणि ती जाळून टाकावी लागते. त्यासाठी धुराचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत चढावं लागतं. गाडी महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं एका वेगात चालली की हे काम आपोआप उरकतं, चालवणाऱ्याला कळतही नाही. पण घर ते मळा, मळा ते डेअरी, डेअरी ते घर, एवढंच जिचं दिवसभराचं फिरणं आहे, तिचं इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. काजळी साठत जाते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, तो दुर्लक्षिला तर गाडीची ताकद कमी होते, आणि शेवटी ती वर्कशॉपमध्ये नेऊन कॉम्प्युटर लावल्याशिवाय सुधारत नाही. जाळण्याचं काम पुनःपुन्हा अर्धवट राहिलं तर गाळणी तापवायला जादा फवारलेलं डिझेल इंजिनऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये, हे यातून प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावं.

यवतच्या एका मालकाने यावर काढलेला उपाय मला फार आवडला. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तो गाडी गावात नेण्याआधी महामार्गाला घालतो, पाटसपर्यंत चौथ्या गिअरमध्ये एका वेगात नेतो आणि मग वळवून आणतो. त्याने हे कुणा इंजिनिअरकडून ऐकलेलं नाही. गाडीसोबत आलेलं पुस्तक मुलाकडून वाचून घेतलं आणि आपल्या रोजच्या फिरण्याशी ताडून बघितलं. खोड ओळखीची कशी होते, त्याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. ज्यांना हे कुणी सांगितलं नाही त्यांच्या हकिकती वाचताना राग येतो. गाडी विकताना दहा मिनिटं काढून हे समजावून सांगायला काय हरकत होती? एका तरुण दूधवाल्याची नवी गाडी पहिल्याच पावसाळ्यात तीनदा वर्कशॉपला गेली, आणि प्रत्येक वेळी त्याला फक्त बिल मिळालं, कारण मिळालं नाही.

डिझेलच्या स्वच्छतेचाही प्रश्न त्यातलाच. कॉमन रेल इंजिनात डिझेल १६०० बार आणि त्याहून जास्त दाबाने अतिशय बारीक छिद्रांतून फवारलं जातं. टायरमधला दाब अडीच बारच्या आसपास असतो, यावरून अंदाज करावा. ट्रॅक्टरसाठी मळ्यावर कॅनमध्ये आणून ठेवलेलं डिझेल, त्यात उतरलेलं पाणी, फडक्याने गाळून केलेला भरणा, हे जुन्या पंपाला चालून जायचं. नव्या इंजेक्टरला चालत नाही, आणि इंजेक्टरची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

गाडीचा आकार आणि इंजिन कसं ठरतं याबद्दलही मालकांच्या मनात कुतूहल असतं. चार मीटरच्या आत लांबी आणि १५०० सीसीच्या आत डिझेल इंजिन असेल तर कर कमी पडतो. म्हणून २०१६ साली बोलेरो ३९९५ मिलिमीटरची झाली आणि तिच्यात १४९३ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं. जुन्या मालकांनी फरक लगेच ओळखला. नवी चपळ आहे, पण चिखलात अगदी मंद गतीने ओढायची वेळ आली की जुन्या इंजिनाचा दम आठवतो, असं त्यांचं म्हणणं.

कंपनीच निघून गेली तर काय, याचा धडा टवेराने दिला. २००४ साली आलेली ही गाडी टॅक्सीवाल्यांत लोकप्रिय होती. २०१३ साली जनरल मोटर्सने धुराच्या निकषांत घोळ झाल्यामुळे १ लाख १४ हजार टवेरा दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, आणि २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणंच थांबवलं. टवेराच्या इंजिनाबद्दल मालकांची तक्रार फारशी नाही, पार्ट मिळवण्याबद्दल आहे. क्वालिसही २००५ च्या सुरुवातीला बंद झाली, पण तिची कंपनी इथेच राहिली, आणि क्वालिसवाले आजही निर्धास्तपणे बोलतात.

एका बाबतीत मात्र मालकांच्या साक्षीवर विसंबू नये, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे. ती म्हणजे अपघातातली सुरक्षितता. 'पत्रा जाड आहे' हे वाक्य या पुस्तकात अनेकदा येईल. पत्र्याच्या जाडीवरून जीव वाचण्याचा अंदाज करता येत नाही. धडकेचा जोर पुढच्या भागाने वाकून शोषायचा असतो आणि माणसं बसतात ती पेटी शाबूत राहायची असते. २०१६ साली गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ धडकवून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. २०२२ साली स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. म्हणजे त्याच कंपनीला हे जमतं, मागणी हवी. देशात ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या हजारो गाड्या आजही सोलापूर रस्त्यावर धावत आहेत. मागच्या समोरासमोरच्या बाकांना पट्टे नाहीत. उंच गाडी, टपावर सामान, आणि रात्री पुढे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली, हे या भागात हंगामात रोजचं आहे. पाटा तुटला, क्लच जळाला, गाळणी तुंबली, या खोडी ओळखीच्या होतात, कारण माणूस त्यातून परत येतो आणि पुढच्या वेळी सावध होतो. ही एक खोड ओळखीची होत नाही. ज्याला ती कळली तो हकिकत सांगायला उरलेला नसतो, म्हणून या पुस्तकात तिची नोंद अपुरी आहे. वाचकाने गाडी निवडताना ही एक गोष्ट मालकांना न विचारता चाचणीच्या निकालात बघावी, आणि मागे बसणाऱ्याला पट्टा आहे की नाही हे आधी तपासावं.

मालक नसलेल्या काही जणींचं बोलणंही शेवटच्या भागात घेतलं आहे. गाडी बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर असते, मागच्या बाकावर बाया असतात. खुरपणीला, कांदा काढणीला, बाजाराला आणि दवाखान्यात जाणाऱ्या. त्यांच्या बोलण्यात ॲव्हरेज येत नाही. मागच्या पायरीची उंची येते, धरायला दांडा आहे की नाही ते येतं, खिडकी उघडते का ते येतं. लुगडं सावरत, हातात डबा घेऊन, गुडघा दुखत असताना त्या पायरीवर चढायचं म्हणजे काय, हे एका बाईंनी पायरी हाताने दाखवून सांगितलं. जुन्या ट्रॅक्सची पायरी खाली होती आणि दार मागे रुंद उघडायचं, म्हणून ती बरी, हे त्यांचं मत. दुसरीने बाळंतपणासाठी दौंडला नेताना आडवं झोपवायला पुरेल एवढा लांब बाक कोणत्या गाडीत आहे ते नेमकं सांगितलं. उपयोगी वाहन कुणाच्या उपयोगाचं, याचं उत्तर गाडी बनवणाऱ्यांनी या पानांत शोधावं असं मला मनापासून वाटतं.

हकिकती वाचताना एक खबरदारी घ्यावी. हप्ते चालू असलेला मालक गाडीला सहसा वाईट म्हणत नाही, आणि गाडी विकायला काढलेला तर मुळीच नाही. म्हणून प्रत्येक हकिकतीच्या वर गाडी अजून मालकाकडे आहे की विकली, नवी घेतली की जुनी, आणि पाटी पांढरी की पिवळी, हे दिलं आहे. पिवळ्या पाटीवाल्यांचे आकडे जास्त भरवशाचे वाटले, कारण त्यांच्याकडे डिझेलची आणि दुरुस्तीची वही असते. जुनी गाडी घ्यायला निघालेल्याने त्यांच्या हकिकती आधी वाचाव्यात. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उचलतं का, ऑईलचं झाकण काढल्यावर धूर फेकतं का, पाट्यांची पानं एका ओळीत आहेत का, चॅसिसवर नवा रंग कुठे मारला आहे, या बघण्याच्या जागा तिथे सांगितल्या आहेत.

या कामात सर्वांत जास्त मदत मेस्त्र्यांची झाली. हातातलं काम थांबवून त्यांनी तुटलेली पानं, जळलेल्या प्लेटा, तुंबलेल्या गाळण्या काढून दाखवल्या आणि मालकाने सांगितलेलं कारण बरोबर आहे की नाही हे पडताळून दिलं. आपली नावं छापू नयेत असं त्यांनी सांगितलं, ते पाळलं आहे. जिथे मालकाचं आणि मेस्त्रीचं म्हणणं जुळलं नाही, तिथे दोन्ही छापली आहेत.